संघाच्या डोमेनखाली सदस्यांना नावं वाटायची तर: छोट्या रजिस्ट्रीचा कारभार

एखाद्या संघाने स्वतःचं डोमेन घेतलं आणि त्याला जोडून सदस्यांना त्यांची त्यांची नावं द्यायला सुरुवात केली, की तो संघ रजिस्ट्री चालवायला लागतो. मग तो डिचोली तालुक्यातल्या वाचनालयांचा असो, फोंड्यातल्या भजनी मंडळांचा असो, बचत गटांचा असो की काणकोणच्या होमस्टेवाल्यांचा. डॉट इन किंवा डॉट ओआरजी सांभाळणारे जे काम करतात तेच हे काम, फक्त आकाराने लहान. कोणतं नाव कुणाचं याची एकच खरी वही ठेवायची आणि त्या वहीप्रमाणे इंटरनेटला उत्तर द्यायचं. वही चुकली तर सदस्याची वेबसाइट, मेल आणि देणगीचं पान एकदम दुसऱ्याच्या हातात जातं.

म्हणून सर्व्हरच्या आधी कारभार ठरवा. क्रम उलटा झाला की जो सर्व्हर सांभाळतो तोच नियम ठरवू लागतो, आणि कमिटी बदलली की नव्या सचिवाला पासवर्डसाठी त्याच्या घरी खेपा घालाव्या लागतात.

आधी तीन कामं वेगळी करा

इंटरनेटच्या नावांचा कारभार सुरुवातीला पाहणारे जॉन पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५९१ हा दस्तऐवज लिहिला. डोमेनच्या बाबतीत हक्क आणि मालकीची भाषा गैरलागू आहे, बोलायचं ते जबाबदारी आणि सेवेबद्दल, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. नावं सांभाळणारा हा विश्वस्त, आणि त्याने येणाऱ्या प्रत्येक अर्जाला सारखेच नियम लावायचे. गोव्यात हे समजायला कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, पुरेशी आहे: जमीन गावकारीची, वापराचा हक्क नियमांनी दिलेला, वर्षाला फोर म्हणजे खंड भरायचा, आणि कमिटी म्हणजे जमिनीची मालक नव्हे.

हे तत्त्व कागदावर आणायचं तर तीन कामं तीन ठिकाणी ठेवा. नियम सर्वसाधारण सभा करते. अर्ज तपासून वहीत नोंद निबंधक करतो, म्हणजे त्या कामासाठी नेमलेला एक सदस्य. आणि डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, प्रत्यक्ष बदल तंत्रज्ञ करतो, तोही निबंधकाची लेखी सूचना असल्याशिवाय नाही. माणसं कमी असतील तर निबंधक आणि सचिव एक चालतील. निबंधक आणि तंत्रज्ञ मात्र एकच नको. एकाच माणसाने नोंद करायची आणि त्यानेच यंत्रात चढवायची, तर चूक पकडणारा कुणी उरत नाही आणि मर्जीतल्या माणसाला नाव देऊन टाकणंही कुणाच्या लक्षात येत नाही.

सदस्यांच्या हातात एक किल्ली असली पाहिजे, विशेष सभा बोलावण्याची. २२ मार्च २०२१ ला डॉट यूके सांभाळणाऱ्या नॉमिनेटच्या सदस्यांनी अशीच सभा घडवून आणली आणि अध्यक्षांसह काही संचालकांना मतदानाने घरी पाठवलं. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने आदल्याच दिवशी पद सोडलं होतं. सदस्यांनी मागणी केली तर सभा घ्यावीच लागेल, हे नियमात होतं म्हणूनच ते शक्य झालं. तिथे मतांचं वजन सदस्याकडे किती नावं आहेत यावर होतं. आपल्या संघात ते टाळा. एका संस्थेला एक मत, आणि एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली की ३० दिवसांत सभा, एवढं ठेवलं तर छोट्या वाचनालयाचा आवाजही पोहोचतो.

मुख्य नाव कुठे घ्यायचं

तुमची रजिस्ट्री दुसऱ्या रजिस्ट्रीच्या आत बसलेली असते. वरच्या घराचा कारभार बिघडला तर तुमच्या चाळीस सदस्यांची नावं एकाच दिवशी पडतील. म्हणून शेवटची अक्षरं निवडताना किंमत किंवा दिसणं बघू नका. मालक कोण, किंमत कोण ठरवतं, आणि नियम बदलायचे तर कुणाला विचारावं लागतं, हे बघा.

डॉट इन १९८९ मध्ये भारताला मिळालं. २००५ पासून ते निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आहे. निक्सी २००३ मध्ये स्थापन झालेली ना-नफा कंपनी आहे आणि केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या छत्राखाली चालते. सामान्य संघाला डॉट इन किंवा त्यातलं डॉट ओआरजी डॉट इन ठीक. भारतातला कायदा, भारतातला लवाद, रुपयांत पैसे. एक गोष्ट मात्र आधी माहीत हवी: डॉट इनमध्ये मालकाची ओळख झाकणारी प्रॉक्सी (दुसऱ्याच्या नावाने केलेली) नोंदणी चालत नाही आणि ओळखीची कागदपत्रं मागितली जातात. संघाला त्यात अडचण असू नये.

डॉट ओआरजी जुनं आणि भरवशाचं आहे, पण त्याच्या बाबतीत काय घडलं ते लक्षात ठेवा. २०१९ च्या जूनअखेर त्याच्या किमतीवरची कमाल मर्यादा काढली गेली. विरोधात तीन हजारांहून जास्त अभिप्राय आले होते, तरीही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटरनेट सोसायटी या ना-नफा संस्थेने डॉट ओआरजीची रजिस्ट्री एथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरवलं. व्यवहार १.१३५ अब्ज डॉलरचा होता. जगभरच्या सेवाभावी संस्थांनी आवाज उठवला, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी पत्र लिहिलं, आणि ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचा समन्वय पाहणाऱ्या संस्थेने, मंजुरी नाकारली. संस्था ना-नफा आहे म्हणून तिच्या हातातली नावं विकली जाणार नाहीत असं कुणी समजू नये. तुमच्या घटनेत तसं कलम लिहिलेलं असलं पाहिजे. त्यावर पुढे येतो.

गोव्यात डॉट जीएचा मोह होतो, कारण गाड्यांच्या पाटीवर तीच दोन अक्षरं आहेत. पण ती गॅबनची आहेत. बरीच वर्षं ती नावं फुकट वाटली जात होती आणि फसव्या वेबसाइटवाल्यांनी त्यांचा भरपूर वापर केला. जून २०२३ मध्ये गॅबनने कारभार परत आपल्याकडे घेतला आणि फुकटात दिलेली नावं मोठ्या प्रमाणावर बंद झाली. देशाच्या संकेतातली दोन अक्षरं त्या देशाच्या कायद्याने आणि त्याच्या नशिबाने चालतात. पूर्व तिमोरचं डॉट टीपी हे मुळात पोर्तुगीज तिमोरच्या नावावरून आलेलं होतं. देश स्वतंत्र झाला, डॉट टीएल आलं, आणि २०१५ मध्ये डॉट टीपी मुळातून काढून टाकलं गेलं.

डॉट ईयूची गोष्ट तर आपल्या कितीतरी घरांपर्यंत पोहोचते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनमधल्या कंपन्या आणि रहिवाशांची डॉट ईयू नावं १ जानेवारी २०२१ पासून बंद पडली. पण पोर्तुगीज नागरिकत्व असलेला, स्विंडनमध्ये राहणारा गोवेकर ते ठेवू शकत होता, कारण पात्रता तोवर नागरिकत्वालाही जोडलेली होती. पात्रतेच्या नियमातल्या एका ओळीवर नाव टिकतं किंवा जातं. तुम्ही तुमची पात्रता लिहाल तेव्हा ही ओळ विसरू नका.

स्वतःचं डॉट गोवा काढू या, असा विचार सभेत हमखास येतो. नव्या फेरीत आयकॅनचं मूळ अर्जशुल्कच २,२७,००० डॉलर आहे. शिवाय गोवा हे आंतरराष्ट्रीय मानक यादीत राज्याचं नाव म्हणून असल्यामुळे सरकारची लेखी संमती किंवा हरकत नसल्याचं पत्र लागतं. तो विषय तिथेच थांबवा.

मुख्य नावाची नोंदणी

इथे घाई नको. अर्जात संस्था या रकान्यात संघाचं नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसंच्या तसं लिहा. तो रकाना रिकामा ठेवून फक्त सचिवाचं नाव लिहिलं तर कागदोपत्री डोमेन सचिवाचं. वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यात नाव घेऊ देऊ नका. खातं संघाचं उघडा आणि त्याला मर्यादित प्रवेश द्या.

संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर तो ईमेलही बंद पडतो आणि पासवर्ड परत मिळवण्याची वाट बुजते. वेगळ्या ठिकाणचा, पदाच्या नावाने असलेला ईमेल ठेवा. मोबाइल क्रमांक व्यक्तीचा नको, संघाच्या नावाचं सिम घ्या. ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन घेऊन खजिनदार बोटीवर गेला, तर सहा-आठ महिने काहीच हलत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी ॲपवर ठेवा, दोन पदाधिकाऱ्यांच्या दोन फोनवर. त्याचे सुटकेचे कोड (फोन हरवला तर खात्यात शिरायला लागणारे) छापून, बंद पाकिटावर दोन सह्या करून, संघाच्या कपाटात.

सभेत असा ठराव घ्या:

"ठरले की, संघाचे डोमेन संघाच्या नावावर राहील. नोंदणी खात्याचा ताबा सचिव व खजिनदार या पदांकडे संयुक्तपणे राहील. पदाधिकारी बदलल्यास १५ दिवसांच्या आत पासवर्ड, पडताळणीचे फोन व संपर्क बदलून त्याची नोंद हस्तांतर वहीत दोन्ही बाजूंच्या सह्यांनी करण्यात येईल. सदर डोमेन सर्वसाधारण सभेच्या तीन चतुर्थांश मताशिवाय विकता, गहाण ठेवता वा अन्य कोणास हस्तांतरित करता येणार नाही."

शेवटचं वाक्य डॉट ओआरजीच्या धड्यातून आलेलं आहे.

नूतनीकरण जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत आगाऊ करता येतं. पाच वर्षांचं करा आणि दरवर्षी सभेच्या महिन्यात एक वर्ष वाढवत जा, म्हणजे हातात कायम चार-पाच वर्षं राहतात. ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांमुळे कार्डावरून आपोआप पैसे जाण्याला वेगळी मंजुरी लागते, आणि परदेशी विक्रेत्याकडे ती अनेकदा अडकते. विक्रेता, म्हणजे ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं ती, मेल पाठवतो, तो जुन्या सचिवाकडे जातो, आणि मुदत संपते. डॉट कॉम, डॉट ओआरजीमध्ये मुदत संपल्यावर विक्रेत्याच्या मर्जीने ० ते ४५ दिवस सवलत, त्यानंतर ३० दिवस सोडवणुकीचे, ज्यात जादा दंड भरावा लागतो, मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि नाव सर्वांना खुलं. पण वेबसाइट आणि मेल सवलतीच्या पहिल्या काही दिवसांतच बंद पडतात, तेव्हा ४५ दिवस आहेत असं धरून चालू नका.

आधीच दुसऱ्याच्या खात्यात असलेलं डॉट कॉम किंवा डॉट ओआरजी संघाकडे आणायचं असेल तर आधी विक्रेता बदला, मग धारकाचं नाव बदला. उलट केलंत तर धारक बदलल्यावर ६० दिवसांचं कुलूप लागू शकतं आणि तेवढा काळ नाव जुन्याच खात्यात अडकतं. नवीन नोंदणीनंतरचे पहिले ६० दिवसही सहसा हस्तांतर होत नाही. नव्या विक्रेत्याला हस्तांतर कोड दिल्यावर हस्तांतर लवकर उरका आणि झाल्यावर नाव परस्पर हलू न देणारं कुलूप परत चालू आहे का ते डोळ्यांनी बघा.

नियमपत्रिका

ती दोन पानांपेक्षा मोठी नको, पण प्रत्येक ओळ अशी हवी की दोन वेगळ्या कमिट्या ती वाचून एकच निर्णय देतील.

पात्रता: कोणती संस्था, कोणत्या कागदावर. सोसायटी नोंदणी प्रमाणपत्र, देवस्थान असेल तर महाजनांच्या (देवस्थानाच्या परंपरागत सदस्यांच्या) कमिटीचा ठराव, बचत गट असेल तर बँक खात्याचं पत्र. पात्रता संपली तर काय, हेही इथेच. सदस्यत्व सुटल्यावर नाव किती दिवसांनी थांबेल? १८० दिवस द्या. पत्रिका छापलेल्या असतात, फलक रंगवलेले असतात.

पंचायतींना या यादीत घेऊ नका. सरकारी संस्थांसाठी डॉट गव्ह डॉट इन आहे आणि ते एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेमार्फत मिळतं. संघाच्या नावाखाली पंचायतीचं पान दिसलं तर लोकांना खरं कोणतं ते कळत नाही.

गावांच्या नावांवर खरी भांडणं होतात, तेव्हा इथे वेळ घाला. साखळी हे गाव मराठीत असं लिहिलं जातं, कोकणीत सांखळी, पोर्तुगीज वळणाने सांकेलिम, आणि रोमन अक्षरांत त्याची आणखी रूपं. डिचोलीचं बिचोलिम, म्हापशाचं मापुसा. पहिला येईल त्याला साखळी मिळाली आणि दुसऱ्याला सांखळी, तर लोकांचे मेल आणि पैसे चुकीच्या दारात जाणार. देवनागरी डोमेनमध्ये आणि चिनी लिपीतल्या नावांतही यावर एक तोडगा वापरला जातो: एकाच नावाची सगळी रूपं एकतर एकाच धारकाकडे, नाहीतर कुणाकडेच नाही. तोच घ्या. निबंधकाने तालुक्यातल्या प्रत्येक गावाची सगळी रूपं एकत्र लिहून ठेवावी, आणि एक रूप दिलं की बाकीची आपोआप बंद.

नुसतं गावाचं नाव कुणालाही देऊ नये असं आमचं ठाम मत आहे. त्या नावावर एक साधं पान ठेवा, त्यात त्या गावातल्या सगळ्या सदस्य संस्थांचे दुवे. संस्थेला तिचं स्वतःचं नाव आणि मग गाव. एका गावात दोन वाचनालयं असतात, दोन वाड्यांची दोन भजनी मंडळं असतात, आणि गाव कुणा एकाच्या नावावर लावून दिलं की संघ फुटायला तेवढं पुरतं.

राखीव नावांची यादी पहिल्या दिवशीच जाहीर करा. तांत्रिक: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मेल, एनएस१, एनएस२, एसएमटीपी, ॲडमिन, ऑटोडिस्कव्हर, डब्ल्यूपॅड. सामाजिक: पोलीस, पंचायत, मामलेदार, सरकार, बँक, लॉटरी. फेणीसारखी नावंही कुणा एकाला देऊ नका. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, तो सगळ्या उत्पादकांचा. यादी मागाहून वाढवायची तर आधीच दिलेल्या नावांना धक्का नको, हेही लिहा.

बाकीचं सोपं. पहिला येईल त्याला पहिलं. नावात रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ, सुरुवातीला किंवा शेवटी रेघ नाही, तिसऱ्या आणि चौथ्या जागी सलग दोन रेघा नाहीत, कारण देवनागरीसारख्या लिपींतल्या नावांचं यंत्ररूप, म्हणजे यंत्र वाचतं ते रोमन अक्षरांतलं रूप, तिथल्या दोन रेघांवरून ओळखलं जातं. एका भागाची लांबी ६३ अक्षरांपर्यंत.

शुल्क खर्चावर ठेवा: मुख्य नावाचं वार्षिक मूल्य, डीएनएस सेवेचा खर्च आणि तीन वर्षांच्या नूतनीकरणाएवढी राखीव रक्कम, भागिले सदस्य. वाढ करायची तर सहा महिने आधी सूचना, आणि वाढीआधीच्या दराने पुढची तीन वर्षं भरायची मुभा.

देवनागरी नाव देताना

डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं आणि त्याच्या देवनागरी रूपात मराठी आणि कोकणी दोन्ही बसतात. संघाने ते जरूर घ्यावं, पण रोमन जोडीदाराशिवाय नाही. आजही कितीतरी फॉर्म देवनागरी ईमेल चुकीचा म्हणून परत पाठवतात.

फसगत होते ती टायपिंगमध्ये. समजा होमस्टेचं नाव आहे 'किनाऱ्यावर'. त्यातला अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो. एकात खास ऱ हे अक्षर, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळी नावं. शिवाय काही प्रोग्राम ते अदृश्य चिन्ह गाळतात, आणि मग य वर रफार चढून नाव वेगळंच होतं. ॲ चंही तसंच: एक पूर्ण अक्षर म्हणून टाइप करता येतो किंवा अ वर चंद्र देऊन. म्हणून अर्जात देवनागरी नावाबरोबर त्याचं यंत्ररूपही वहीत उतरवा, म्हणजे एक्सएन आणि दोन रेघांनी सुरू होणारी ती ओळ. अर्जदाराकडून ते नाव फोनवरून आणि संगणकावरून असं दोनदा टाइप करून घ्या. दोन ओळी जुळल्या नाहीत तर ऱ किंवा ॲ असलेला शब्द टाळायला सांगा.

यंत्राची बाजू

किमान दोन नेमसर्व्हर (वहीप्रमाणे इंटरनेटला उत्तर देणारी यंत्रं), दोन वेगळ्या जाळ्यांवर. नोंदींचं आयुष्य, म्हणजे इतर यंत्रांनी एकदा घेतलेलं उत्तर किती वेळ वापरायचं ते, साधारण ३६०० सेकंद ठेवा. बदल करायच्या आदल्या दिवशी ते ३०० वर आणा आणि बदल स्थिरावल्यावर परत वाढवा. डीएनएसएसईसी, म्हणजे उत्तर खरं असल्याची डिजिटल सही, चालू करायचं असेल तर पहिल्यांदा तुमच्या बाजूला सह्या, मग वरच्या रजिस्ट्रीत त्या सह्यांची खूण ठेवणारी डीएस नोंद. बंद करताना उलट क्रम: आधी डीएस काढा, तिची मुदत संपू द्या, मग सह्या. डीएनएस सेवा बदलताना जुनी डीएस तशीच राहिली तर ज्यांचं इंटरनेट सह्या तपासतं त्यांना सगळ्या सदस्यांची पानं एकदम दिसेनाशी होतात, इतरांना मात्र दिसत राहतात, आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो.

तारांकित नोंद, म्हणजे जे नाव अस्तित्वात नाही त्यालाही उत्तर देणारी, कधीही ठेवू नका. १५ सप्टेंबर २००३ ला डॉट कॉम आणि डॉट नेट सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनने तिथे तेच केलं. चुकीचं टाइप केलेलं प्रत्येक नाव त्यांच्या पानावर जाऊ लागलं, मेलच्या आणि स्पॅम गाळण्याच्या यंत्रणा गडबडल्या. आयकॅनने तंबी दिल्यावर ४ ऑक्टोबरला ते बंद झालं. वहीत नसलेल्या नावाला 'नाही' हेच उत्तर.

सगळ्यात जास्त घडणारा अपघात लोंबकळत्या नोंदीचा. मंडळाने फुकट वेबसाइट सेवेवर पान केलं, संघाने त्या सेवेकडे बोट दाखवणारी सीनेम नोंद दिली. वर्षभराने मंडळाने ते खातं बंद केलं, संघाला कळवलं नाही. नोंद तशीच राहिली. आता त्याच सेवेवर कुणीही नवं खातं उघडून ते नाव आपलं म्हणून जोडू शकतो, आणि मंडळाच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकते. उपाय एकच: दर तीन महिन्यांनी प्रत्येक नोंद उघडून बघायची, आणि सात दिवस मृत दिसली तर सदस्याला फोन करून ती काढून टाकायची. यादी मोठी झाली तर तंत्रज्ञाला ही तपासणी आपोआप चालणारी करून द्यायला सांगा, पण फोन माणसानेच करावा.

दुसरी अडचण उशिरा लक्षात येते. ब्राउझरला तुमची सगळी उपनावं एकाच मालकाची वाटतात, त्यामुळे एका सदस्याच्या पानाने ब्राउझरमध्ये ठेवलेली कुकी, म्हणजे छोटी नोंद, दुसऱ्याच्या पानापर्यंत पोहोचू शकते. पानाला सुरक्षित कुलूप देणारी लेट्स एन्क्रिप्टची फुकट प्रमाणपत्रंही एका मुख्य नावामागे सात दिवसांत ५० अशी मोजली जातात. सदस्य खरोखर स्वतंत्र असतील तर मुख्य नाव पब्लिक सफिक्स लिस्टमध्ये, म्हणजे कोणत्या नावाखालची उपनावं वेगवेगळ्या मालकांची आहेत हे ब्राउझरांना सांगणाऱ्या यादीत, घालण्यासाठी अर्ज करा. एकदा आत गेलेलं नाव सहज बाहेर येत नाही आणि यादी जगभरच्या ब्राउझरांत पसरायला महिने लागतात, तेव्हा सभेत ठरवूनच.

ज्या नावांवरून मेल जात नाही त्यांना तसं सांगणारी एसपीएफ नोंद द्या आणि मुख्य नावावर उपनावांसकट लागू होणारं डीमार्क धोरण (खोट्या मेलचं काय करायचं ते सांगणारं) ठेवा. नाहीतर कुणीही मंडळाच्या नावाने देणगी मागेल.

तक्रारी

एका उपनावावर फसवं पान निघालं तर गूगल सेफ ब्राउझिंगसारख्या धोकादायक पानांच्या यादीत तुमचं अख्खं मुख्य नाव लाल होऊ शकतं. म्हणून तक्रारीचा ईमेल, ॲब्यूज या रूढ नावाने, चालू ठेवा आणि तो दोघांनी वाचावा. पैसे लुबाडणारं पान किंवा व्हायरस असेल तर २४ तासांत नोंद थांबवा आणि सदस्याला लगेच कळवा. तो बहुतेक वेळा स्वतःच बळी असतो, पासवर्ड चोरीला गेलेला. पैसे गेलेल्या माणसाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० क्रमांक सांगा.

मजकुरावरच्या भांडणात मात्र नोंदीला हात लावू नका. देवस्थानाच्या दोन गटांपैकी एकाने दुसऱ्याविरुद्ध पानावर काही लिहिलं, म्हणून कमिटीने नाव काढलं, तर उद्या प्रत्येक वाद तुमच्या दारात. तिथे नियम असा: न्यायालयाचा किंवा कायद्याने अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश आला तरच. महाजनांची कमिटी कोणती खरी हाच वाद असेल तर नोंद आहे तशी गोठवा, बदल कुणाच्याही सांगण्यावरून नाही, आणि मामलेदाराच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाची वाट बघा.

प्रत्येक नकार आणि प्रत्येक थांबवणं लेखी कारणासह, आणि त्यावर ३० दिवसांत अपील. अपील ऐकणारे तिघे कमिटीबाहेरचे, त्यातला एक संघाबाहेरचा.

तुमच्या मुख्य नावासारखं डॉट इन नाव दुसऱ्याने अडवलं तर इंडियन डोमेन वाद निवारण धोरण आहे, ते २००५ पासून लागू आहे. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव तुमच्या नावाशी किंवा ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतकं सारखं, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नोंदणी किंवा वापर वाईट हेतूने. डॉट कॉमच्या धोरणात नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूचे लागतात, डॉट इनमध्ये एक पुरे. पुरावा आधीच जमवून ठेवा: जुन्या निमंत्रणपत्रिका, दैनिकांतली कात्रणं, तारखेसह पानांच्या प्रती. नोंदणीकृत ट्रेडमार्क नसला तरी २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला पासिंग ऑफचं, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपलं खपवण्याविरुद्धचं, संरक्षण मिळतं असं म्हटलेलं आहे.

वही, प्रत आणि शेवटची सोय

वहीचे रकाने: नाव, यंत्ररूप, बंद केलेली रूपं, धारक संस्था, पदाचा संपर्क, दिल्याची तारीख, डीएनएस नोंद, शेवटची तपासणी, बदलाची सही. यातले नाव, संस्था आणि तारीख सर्वांना दिसू द्या. वैयक्तिक मोबाइल आणि पत्ता प्रसिद्ध करू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा लक्षात घेऊन मुळात कमीच माहिती मागा.

मोठ्या रजिस्ट्र्यांना आपला विदा, म्हणजे डेटा, रोज त्रयस्थाकडे ठेवावा लागतो, म्हणजे चालवणारा बुडाला तरी नावं वाचतात. तुम्ही दर आठवड्याला आणि प्रत्येक बदलानंतर डीएनएसची पूर्ण फाइल आणि वही काढून दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक संघाबाहेरच्या विश्वासू संस्थेकडे. वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या सेवेवर चढवून उघडते का ते बघा. कधीच उघडून न पाहिलेल्या प्रतीत निम्म्या नोंदी नसल्याचं ऐन वेळी कळतं.

संघ बंद झाला तर काय, हे कलम आजच लिहा. देशांच्या संकेतांतलं डोमेन निवृत्त करायचं झालं तर त्यासाठी साधारण पाच वर्षांची मुदत ठरवलेली आहे. तुम्ही दोन वर्षं ठेवा: बंद करण्याचा ठराव झाल्यावर नवी नावं बंद, जुनी चालू, प्रत्येक सदस्याला स्वतःचं डोमेन घेऊन जुन्या पत्त्यावरून तिकडे वळवण्याची सोय. त्या दोन वर्षांचा खर्च राखीव रकमेतून आधीच भरून टाका. त्यानंतरही मुख्य नाव मोकळं सोडू नका. जुने दुवे आणि जुने ईमेल पत्ते पकडायला कुणीतरी टपलेलं असतंच, तेव्हा ते कोणत्या संस्थेकडे जाईल तिचं नाव कलमात लिहा आणि तिची लेखी संमती वहीला जोडून ठेवा.